जावयाच्या शिटाखालची टाकी

न्हाई, पण मला एक सांगा, मोटर कुणाची? माझी. इंजिन बदलायचा खर्चा कुणाचा? माझा. भर उन्हात अंबडच्या रस्त्यावर लेकीजावयासमोर टाकीच्या झाकणाला तोंड लावून कोण बसलं? मीच. अन् शेवटी नारळ कुणाच्या नावानं फुटला... जाऊ द्या, आत्ताच सांगून टाकलं तर तुमी उठून जाल. बसा. बसा हो, पान खा. तुमाला सांगतो, माणसानं कायबी करावं, भावकीशी कज्जा करावा, दुसरं लगीन करावं, पण साडूचं ऐकून मोटारीचं इंजिन बदलू नये.

साडू म्हणजे कोण, तर कारभारी. नावाचाच कारभारी, कारभार कशाचाच न्हाई. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. हा गडी तरणेपणी हैद्राबादला राहून आल्ता, अन् तिथं म्हणे मोटारी दुरुस्त करायच्या मोठ्या कारखान्यात होता. "भुजंगराव, मी नुसत्या आवाजावरून इंजिनाचं दुखणं सांगतो," असं म्हणायचा, मान तिरपी करून, वैद्य नाडी बघतो तसं. कारखान्यात होता हे बराबर. पण तिथं मिस्त्री लोकांना चहा नेऊन द्यायला होता, हे आमाला कळलं तव्हा आमच्या मोटारीचं काळीज निघून अंगणात पडलेलं होतं.

आता मोटारीचं ऐका. जुनी होती, पण गुणी होती. हसनाबाद ते जालना, जालना ते हसनाबाद. पुढं दोन शिटं, मागं फळ्यांवर मावतील तेवढी माणसं, टपावर कोंबड्या. तिची पेट्रोलची टाकी कुठं, तर पुढच्या डाव्या शिटाखाली. शीट उचललं की खाली टाकीचं तोंड, त्यावर पितळी झाकण. अन् टाकीतलं पेट्रोल इंजिनात जायचं कसं, तर आपसूक. टाकी वर, इंजिनाचं तोंड खाली, पाटाचं पाणी वाफ्यात उतरावं तसं उतरायचं. पंप न्हाई, काही न्हाई. फक्त चढ आला की इंजिन वर व्हायचं अन् टाकी खाली, मंग पेट्रोल जाईना. तर मी काय करायचो, मोटर उलटी फिरवायचो अन् राजूरचा चढ पाठमोरा चढायचो. लोकं जालन्याकडं पाठ करून जालन्याला जायची. पोचायची ना पण? कुणी म्हणलं का कधी की भुजंगराव, आमची तोंडं भलतीकडं झाली?

तर अशी ती मोटर एका उन्हाळ्यात गेली. इंजिनातला दांडा मोडला अन् लोखंड फोडून बाहेर आला. लढाई चाललेली, नवीन सामान मिळंना, पेट्रोल तर चिठ्ठीवर. मी म्हणलं ठीक हाये, लढाई सरंल, तव्हा बघू, तवर बैलगाडी हाये. पण तेवढ्यात कारभारी आला. कुण्या जहागीरदाराची नवीकोरी मोटर शहागडच्या अलीकडं नाल्यात गेली म्हणे. डायवर वाचला, मोटारीचा चुराडा झाला, टाकी चपटी झाली, पण इंजिन अन् गिअरपेटी साबूत. "घेऊन टाका," म्हणला. "मी बसवून देतो. इंजिनात काही खोट न्हाई."

इंजिनात काही खोट न्हाई. हे वाक्य ध्यानात ठेवू नका, ठेवायची गरजच न्हाई, त्या माणसानं ते इतक्या वेळा म्हणलंय की तुमी विसरतो म्हणलं तरी जमायचं न्हाई.

आता तुमी म्हणाल, भुजंगराव, तुमी शहाणे, तुमी काहून ऐकलं? ऐकलं ते लेकीपायी. माझी द्वारका शहागडला दिलेली. लगीन झाल्यावरचा पहिला अधिक महिना तोंडावर आल्ता. अधिकात जावयाला बोलवायचं, पाटावर बसवायचं, धोंडे खाऊ घालायचे, वाण द्यायचं, हे काही मी तुमाला सांगायला नको. अधिकातला जावई म्हणजे नारायण. अन् लग्नात मी, जरा जेवण जास्त झाल्तं म्हणा, भर पंगतीत बोलून गेल्तो की अधिकात जावईबापूंना बैलगाडीत न्हाई बसवणार, मोटारीत पुढच्या शिटावर बसवून नेणार. माझे व्याही रखमाजी, त्यांना असं बोलणं विसरायची सवय न्हाई. त्यांनी सगळ्या शहागडात सांगितलं. महिना लागला, अर्धा गेला, द्वारकेच्या जावेला तिचा बाप येऊन वाजतगाजत घेऊन गेला, अन् इकडं आमची मोटर अंगणात, पोटात काही न्हाई. द्वारकेनं एका गाडीवानाबरोबर निरोप धाडला. "आबा, मोटर नसली तर बैलगाडी आणा. पण या." एवढाच. तुमाला खोटं कशाला सांगू, तो निरोप ऐकला अन् मला जेवण गेलं न्हाई. ती पोर कधी काही मागत न्हाई हो. सासरी तिला कुणीतरी बोललं असल्याशिवाय ती "पण या" म्हणणारच न्हाई.

मंग मी इंजिन आणलं. गिअरपेटीसकट आणलं, बैल लावून ओढत आणलं. कारभाऱ्यानं शर्ट काढला अन् बसवायला लागला. बसलं. खरंच बसलं, मी न्हाई म्हणत न्हाई. फिरवलं, तर पेट्रोलच येईना.

का येईना? तर ह्या इंजिनाचं पेट्रोल प्यायचं तोंड वर. आमची टाकी खाली. खालचं पाणी वर चढतं का कधी? "त्याला पंप हाये ना," कारभारी म्हणला. इंजिनाच्या कुशीला एक डबी होती, आत पडदा, इंजिन फिरलं की ती टकटक करती अन् टाकीतलं पेट्रोल ओढून घेती. फार हुशार डबी. पण डबीची नळी अंगठ्याएवढी अन् आमच्या टाकीची नळी करंगळीएवढी. दोघींचं तोंड जुळंना. कारभारी म्हणला, फिकर न्हाई. सायकलची रबरी नळी घेतली, ह्या टोकाला बांधली, त्या टोकाला बांधली, इंजिन सुरू. सगळ्या आळीनं टाळ्या वाजवल्या. दुपारपर्यंत त्या रबराची पुरी फुगली. पेट्रोलानं रबर मऊ होतं, हे हैद्राबादच्या कारखान्यात ह्याला कुणी सांगितलं न्हाई? कोण सांगणार, चहावाल्याला?

"नळीची खोट हाये. इंजिनात काही खोट न्हाई."

गावात तांबटाकडं गेलो. त्यानं एका बाजूला जाड, एका बाजूला बारीक अशी तांब्याची नळी झाळून दिली. लावली. चालू. वेशीपर्यंत गेली अन् आचके द्यायला लागली. आता काय? तर टाकीतला गाळ. जुनं इंजिन खेड्यातलं, ते गाळ, गंज, कचरा सगळं चावून खायचं. हे जहागीरदाराच्या घरचं. ह्याच्या डबीला आत तारेची जाळी, चाळून खायची सवय. जाळी तुंबली. मंग टाकी खाली उतरवली, आत नदीतले खडे टाकले, गरम पाणी टाकलं, अन् एका बाजूनं मी, एका बाजूनं माझी बायको तुळजाबाई, अशी ती टाकी आमी हलवली. हलवली म्हणजे, दोन दिवस माझ्या दंडात कळा होत्या. शेजारच्या म्हाताऱ्यानं भिंतीवरून डोकावून विचारलं, "लोणी निघालं का?" हसावं का रडावं? वाळवली, बसवली, झाकण लावलं. चालू. वेशीच्या बाहेर गेली, परत आली. पंप टकटक करून राह्यला, इंजिन घुमून राह्यलं, मी डोळे मिटून ऐकत होतो. तुमाला सांगतो, तिथं सगळं झाल्तं. तिथं दुखणं संपल्तं. गपगुमान निघालो असतो तर आज मी तुमच्यापुढं बोंबलत बसलो नसतो.

पण तुळजाबाई म्हणली, "पूजा?"

आता पूजेला कोण न्हाई म्हणंल? ती पिंपळगाव रेणुकाईला जाऊन देवीचा शेंदूर घेऊन आल्ती. तेलात मळला, आली इंजिनापाशी, तर इंजिन तापलेलं, सगळं काळं तेलकट. शेंदूर बसंना. खाली गळून जाई. "दाजी, मंग कुठं लावू?" तर कारभारी म्हणला, "टाकीला लावा. टाकी म्हणजे मोटारीचं पोट. सगळं चालतं ते पोटावर." तुळजाबाईला ते पटलं. तिनं डावं शीट उचललं अन् टाकीच्या झाकणाला असा काही शेंदूर लिंपला, असा काही लिंपला, की झाकण दिसंना, नुसता शेंदराचा गोळा. वरून हळद, वरून कुंकू, अन् मंग नारळ. त्या झाकणाला मधी एक बारीक भोक असतं, ज्वारीचा दाणा जाईल एवढं. ते कशाला असतं, ते तव्हा मला ठाऊक न्हवतं. आता विचारा. आता मी झोपेतबी सांगीन.

अधिक सरत आला तव्हा आमी निघालो. मी चालवायला, शेजारी कारभारी, मागं तुळजाबाई. जालन्याच्या अलीकडं मोटर खोकली अन् बंद पडली. "पेट्रोल सरलं," कारभारी म्हणला. शीट उचललं, झाकण काढलं, काडी घालून पाह्यलं, तर अर्धी टाकी भरलेली. फिरवून पाह्यलं, तर एका झटक्यात सुरू. मी म्हणलं हे काय? तर मागून तुळजाबाई हात जोडून बसलेली. "मी रेणुकाईला हाक मारली." अन् उतरली, अन् झाकण लावायच्या आधी त्यावर बोटभर शेंदूर आणखी लावला. उपकार झाले म्हणून.

मोटर गेली कोसभर. बंद. झाकण काढलं, काडी घातली, पेट्रोल हाये. फिरवलं, सुरू. "बघा, देवी." बोटभर शेंदूर. पुन्हा कोसभर. बंद. काढा झाकण. पेट्रोल हाये. सुरू. शेंदूर... अहो, असं आमी शहागडपर्यंत गेलो. मी विचारलं, "साडूभाऊ, हे दुखणं काय हाये?" त्यानं मान तिरपी केली, बॉनेटला कान लावला, कान भाजला, अन् कान चोळत म्हणला, "इंजिनात काही खोट न्हाई." मी म्हणलं मंग बंद काहून पडती? तर म्हणला, "ऊन." ऊन! उन्हात मी पंधरा-वीस वरसं मोटर हाकली, ऊन काय आजच निघालं होतं?

शहागडला मात्र थाटात पोचलो. म्हणजे गावाच्या बाहेर पुन्हा बंद पडली, तिथंच आमी तोंडं धुतली, झाकण काढलं, सुरू केली, अन् मंग वाजवत गावात. रखमाजी व्याही पुढं आले, मोटारीला चक्कर मारून म्हणले, "जहागीरदाराचं इंजिन म्हणे?" मी म्हणलं, "हो तर." द्वारका दारात उभी होती. तिनं मोटारीकडं पाह्यलंच न्हाई, माझ्याकडं पाह्यलं, अन् पदर डोळ्याला लावून आत पळाली. मंग मला सगळं फिटल्यासारखं वाटलं. मनात म्हणलं, भुजंगा, पडू दे बंद, लाख वेळा पडू दे, पण ह्यांना सांजच्या दिव्याला घरी ने. कारण दुसऱ्या दिवशी परतायचं अन् त्याच संध्याकाळी धोंड्याचं जेवण. त्याच्यापुढं अधिक सरणार होता. तो दिवस हुकला तर मंग काय, शिळ्या धोंड्याला कोण विचारतं? अन् शहागडात काय म्हणले असते, "द्वारकीचा बाप मोटर घेऊन आल्ता, पण अधिक वाटंतच सरला." ही अशी गोष्ट बाईमाणसाला म्हातारी होईस्तोवर ऐकवतात हो.

सकाळी निघालो. आता बसायची तजवीज ऐका. पुढचं डावं शीट मानाचं, तिथं जावईबापू. मच्छिंद्रराव. फेटा, नवं धोतर, मिशीला पीळ. मागं तुळजाबाई, द्वारका, कारभारी. अन् टाकी कुणाच्या खाली?

हां. बराबर.

मोटर गेली कोसभर. बंद. मी मच्छिंद्ररावांकडं पाह्यलं. कसं म्हणायचं? अधिकातला नारायण, पाटावरून उठवायचा न्हाई, त्याला म्हणायचं "उठा"? मी म्हणलं, "जावईबापू, जरा पाय मोकळे करता का?" ते म्हणले, "न्हाई, बरा हाये मी." मी म्हणलं, "हवा छान हाये बघा बाहेर." वैशाखानंतरचं भाजणारं ऊन, बाहेर पाखरू न्हाई. ते म्हणले, "मामा, हवा कुठाय?" शेवटी सांगावं लागलं. उठले. शीट उचललं, काडी घातली, पेट्रोल हाये, मोटर सुरू, तुळजाबाईनं मागून उतरून येऊन, जावयाला जरा बाजूला सरकवून, शेंदूर लावला. बसले. पुन्हा कोसभर. "जावईबापू..." उठले. बसले. पुढच्या वेळी त्यांनी फेटा काढून मांडीवर ठेवला. त्याच्या पुढच्या वेळी मिशीचा पीळ सुटला. त्याच्याही पुढं माझ्याशी बोलणंच बंद केलं, नुसती मोटर खोकली की उठून उभे राहायचे, कोरटात बेलीफानं पुकारा केल्यासारखे. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अन् मागून कारभारी, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "इंजिनात काही खोट न्हाई, बरं का जावईबापू."

अंबडच्या जवळ आलो तव्हा दिस डोक्यावर. बंद. ह्या वेळी झाकण काढलं तर टाकीनं फुस्स केलं, अन् बघतो तर टाकीच्या कुशी आत गेलेल्या. पत्रा खपाटीला, जसं काही एकादशीचं पोट. "टाकीला उपास घडला," कारभारी म्हणला. तुमाला सांगतो, माझं डोकंच फिरलं. मी म्हणलं, आता कुणी शेंदूर लावायचा न्हाई, कुणी हात जोडायचे न्हाईत, कुणी तोंड उघडायचं न्हाई. ते झाकण मी रागारागात शिटाखालीच एका बाजूला फेकलं, वर शीट आदळलं, जावयाला म्हणलं बसा, हो, नुसतं "बसा", अन् मोटर हाणली. रागात बघितलंबी न्हाई किती गेलो. कोस गेला. दुसरा कोस गेला. मोटर खोकंना. अंबड मागं पडलं. कुणीच बोलंना, बोललं तर बंद पडंल म्हणून. अन् मला हळूहळू उमजायला लागलं. मी मोटर थांबवली. स्वतःहून थांबवली, त्या दिवसातली पहिली खेप.

"जावईबापू, उठा."

झाकण घेतलं हातात, भोकाच्या जागी तोंड लावलं अन् फुंकलं. गाल फुगले, डोळे बाहेर आले, हवा जाईना. शेंदराखाली भोक पार बुजलेलं. आता बघा, मडक्याला वरून झाकण घट्ट लिंपलं अन् खालून नळीनं ताक ओढायला लागलं, तर एक घोट येईल, दोन येतील, मंग? मडक्यात हवाच जाईना तर ताक बाहेर येईल कसं? जुन्या इंजिनाला नुसतं ठिपकत खाली जायचं असायचं, त्याला कधी भोकाची पर्वा वाटली नसंल, असं मी म्हणणार होतो, पण तसं न्हाई, तेबी बंद पडलं असतं. जुन्या इंजिनाच्या वेळी पोटाची पूजाच कुणी केली न्हवती. अन् आमी दर खेपेला काय करत होतो? झाकण काढून हवा घालत होतो, म्हणून सुरू होई. अन् सुरू झाली म्हणून आणखी शेंदूर लावत होतो! म्हणजे औषधबी आमीच, अन् रोगबी आमीच.

मी ओरडलो, "सापडलं." सगळे माझ्याकडं बघून राह्यले. माझं तोंड शेंदरानं लाल, मारुतीसारखं. मी खिशातून खिळा काढला, म्हणलं भोक पाडतो अन् संपलं.

तुळजाबाईनं माझा हात धरला. "देवीच्या अंगाला खिळा लावता?"

"अगं, देवी कुठाय, झाकण हाये ते."

"एवढा शेंदूर चढला, नारळ फुटला, हाकेला धावली, अन् अजून झाकणच?" ती मुळीच चेष्टा करत न्हवती.

अन् तेवढ्यात मच्छिंद्ररावांनी तोंड उघडलं. इतका वेळ मुके होते, त्यांनी मुहूर्त निवडला तो हा. म्हणले, "म्हणजे मामा, शहागडपासून मी देवीवर बसून आलो?"

झालं. ते जे खाली उतरले ते बाभळीखाली जाऊन बसले. मी म्हणलं, बापू, मागं बसा, तर म्हणले, "बापानं सगळ्या गावात सांगितलंय मोटारीत पुढं बसणार म्हणून, अधिकाचा जावई मागं फळीवर बसू?" मी म्हणलं मंग पुढं बसा, तर म्हणले, "देवीवर?" पुढं जमंना, मागं जमंना. मी हात जोडले. खरंच जोडले हो, रस्त्यात. दिस कलून राह्यला होता, घरी थोरल्या मेहुणीचं पुरण शिजत आलेलं असणार, अन् नारायण बाभळीखाली. कारभारी जाऊन त्यांच्या शेजारी बसला अन् समजूत काढायला लागला. काय सांगत असंल? "इंजिनात काही खोट न्हाई."

मी द्वारकेकडं पाह्यलं. तिचं तोंड एवढंसं झालेलं. मला वाटलं आता ही रडती. पण ती उतरली, माझ्या हातातलं झाकण घेतलं, उलटं केलं, भोकावर बोट ठेवलं, टाकीच्या उघड्या तोंडाकडं पाह्यलं, मंग माझ्याकडं. पोर माझी हाये, तिला उमजलं. अन् तिनं काय करावं? पेटीतला नवा खण काढला, झाकण त्यात गुंडाळलं, अन् आईला म्हणली, "माय, देवी शिटाखाली कोंडली म्हणून रुसत असंल. तिला यांच्या मांडीवर देऊ. देवीबी पुढं, अन् हेबी पुढं." तुळजाबाईचा चेहरा उजळला. मच्छिंद्ररावांनी क्षणभर इचार केला. देवी मांडीवर घेऊन बसायचं म्हणजे मान कमी न्हवे, दुप्पट. उठले, धोतर झटकलं, फेटा बांधला, अन् हात पुढं केले.

मी आपली दस्ती, म्हणजे रुमाल, टाकीच्या तोंडावर सैल अंथरली, कारभाऱ्याच्या हातातली बिडी काढून नाल्यात फेकली, अन् मोटर हाकली. तुमाला सांगतो, ती मोटर जी सुटली. जालना गेलं. राजूरचा चढ, पाठमोरा न्हवे, तोंडानं चढलो. एकदाबी खोकली न्हाई. मागून तुळजाबाई म्हणून राह्यली, "बघा, मान दिला तर कशी पावली." मी म्हणलं, "अगं, हवा." ती म्हणली, "हवाबी तिचीच." आता ह्याच्यावर बोला.

दिवेलागणीला घरी. जावई पाटावर, ताटात धोंडे, वर तूप, सगळं गाव बघायला. कारभाऱ्यानं धोंडे खाता खाता सगळ्यांना सांगितलं की इंजिन कसं बसवलं. अन् वाण द्यायची वेळ आली तव्हा तुळजाबाईनं विचारलं, "बापू, मनात काही असंल तर सांगा." मच्छिंद्रराव म्हणले, "आत्या, मला काही नको. ती देवी द्या. घरी नेऊन बसवीन."

तुळजाबाईच्या डोळ्यात पाणी आलं, पण अधिकाच्या जावयाला न्हाई म्हणता येतं का? दिली. मी तर दोन्ही हातानं दिली. म्हणलं सुटलो. तांबटाकडून नवं झाकण केलं, त्याला भोक असं पाडून घेतलं की बोट जाईल, अन् घरात सांगून ठेवलं, ह्याला कुणी हात लावायचा न्हाई.

पण तिकडं शहागडात काय झालं म्हणता. रखमाजींनी कोनाडा करून घेतला. झाकणाला चांदीचे डोळे बसवले. द्वारकेच्या पायगुणानं घरात सुबत्ता आली म्हणे, म्हशीनं पारडी दिली म्हणे, अन् सगळं गाव म्हणून राह्यलं, "लोकं अधिकात वाण म्हणून तांब्याची समई देतात, द्वारकीच्या बापानं खुद्द रेणुकाई दिली." तिची जाऊ, जिचा बाप वाजतगाजत आल्ता, ती आता द्वारकीला इचारून पाणी पिती. पोर सुखात हाये हो. अन् म्हणून, मी जे तुमाला सांगितलं ना, भोक, हवा, पंप, हे सगळं इथंच गाडून टाका. तिकडं कुणाला सांगायची सोय न्हाई मला. ह्या पंचक्रोशीत एका माणसानं, एका शहाण्या माणसानं, मोटारीचं दुखणं खरं शोधून काढलं, अन् त्यालाच तोंड उघडायची मनाई.

मागच्या महिन्यात गेल्तो शहागडला. व्याही सरळ कोनाड्यापुढं घेऊन गेले. उदबत्ती, फुलं, चांदीचे डोळे, अन् मधोमध माझं झाकण. व्याही म्हणले, "पाया पडा." पडलो. काय करता? उठायला लागलो, तर मागून द्वारका हळूच म्हणली, "आबा, नीट डोकं टेकवा. सासूबाई बघून राह्यल्यात."

मंग पुन्हा टेकवलं.